घरी सिनेमा बघताना नको तो भाग गाळणारं सॉफ्टवेअर : कुणी वापरतं का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. हॉलमधे एकच टीव्ही. समोर सासू-सासरे, सातवीतला लेक, तिसरीतली लेक आणि नीटच्या क्लाससाठी आमच्याकडं राहिलेला भाचा. रविवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक सिनेमा, हा घरचा नेम. गोष्ट रंगात आलेली असते आणि मधेच असं काहीतरी येतं की मामंजी एकदम पंचांग शोधायला उठतात.

अख्खा सिनेमा टाकून द्यावा असं त्यात काही नसतं. दोन-अडीच तासांत मिळून पाच-सहा मिनिटांचा मामला. तेवढाच भाग आपोआप पुढं सरकला, शिवी आली की आवाज बंद झाला, असं काही घरच्या घरी करता येतं का? अमेरिकेत अशी सॉफ्टवेअरं आहेत असं वाचलंय. आपल्याकडं कुणी वापरून बघितलंय का?

‘लेकरांना खरं जग दाखवा’ म्हणणारे येणारच आहेत. त्यांनीही या, पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

उस्मानाबादी_शेळी

सगळ्यात सोपं सॉफ्टवेअर : रिमोट सासूबाईंच्या हातात.

पेनड्राईव्ह (नांदेड)

ताई, आहेत अशी सॉफ्टवेअरं. त्यांचा इतिहासही मजेशीर आहे, जरा सविस्तर लिहितो.

हे सगळं प्रकरण उगवलं अमेरिकेतल्या युटा राज्यात. तिथं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी, आणि कुटुंबानं बसून काय बघावं याबद्दल ती मंडळी फार काटेकोर. तिथल्या क्लीनफ्लिक्स नावाच्या कंपनीनं सिनेमे विकत घ्यायचे, नको ते भाग कापायचे आणि कापलेली प्रत गिऱ्हाइकाला द्यायची, असा धंदा काढला. दिग्दर्शक आणि स्टुडिओ कोर्टात गेले. २००६ साली कोलोरॅडोतल्या फेडरल कोर्टानं तो धंदा बंद पाडला, कारण कापलेली प्रत म्हणजे मूळ सिनेमाची बेकायदा नक्कल.

त्याच युटातल्या क्लिअरप्लेनं वेगळी वाट धरली. सिनेमाला हातच लावायचा नाही. कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत काय आहे याची फक्त यादी करायची आणि डीव्हीडी प्लेअरनं ती वाचून तेवढं ओलांडायचं. डिस्क जशीच्या तशी राहते. त्यांच्यावरही खटला होता, पण २००५ साली अमेरिकी संसदेनं ‘फॅमिली मूव्ही ॲक्ट’ केला. अधिकृत प्रत असेल, घरातच बघत असाल आणि बदललेली नवी प्रत तयार होत नसेल तर असं गाळणं हा हक्कभंग नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आणि क्लिअरप्ले वाचली.

मग आली व्हिडअँजेल. यांनी फारच डोकं लावलं. २० डॉलरला सिनेमा ‘विकायचा’ आणि बघून झाला की १९ डॉलरला परत घ्यायचा. म्हणजे एका डॉलरात सिनेमा, वर हवी ती चाळणी. पण त्यासाठी त्यांनी डिस्कचं कुलूप तोडून सिनेमे आपल्या सर्व्हरवर चढवले होते. २०१६ साली डिस्नी, वॉर्नर वगैरे मंडळींनी खटला भरला. २०१९ मधे ज्युरीनं ६ कोटी २४ लाख डॉलरचा दंड ठोकला. २०२० मधे तडजोड झाली : ९९ लाख डॉलर, १४ वर्षांत हप्त्यानं. आता ते स्वतः सिनेमा देत नाहीत. तुमच्याकडं नेटफ्लिक्स-प्राइमचं खातं असेल तर त्याच्यावर चाळणी बसवून देतात, पण हे सगळं अमेरिकेतल्या लोकांसाठी.

आपल्याकडं काय चालेल ते रात्री लिहितो. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

निजामकालीन (छत्रपती संभाजीनगर)

अंतर्मुख केलंत. आमच्या काळात भाड्यानं व्हीसीआर आणायचे. टीव्ही आणि तीन कॅसेटी, एका रात्रीपुरत्या. वाड्यातली पन्नास माणसं आणि व्हीसीआरवाल्याचा पोऱ्या मशीनजवळ बसलेला. तो पोऱ्याच आमचं सॉफ्टवेअर होता. कुठं पळवायचं हे त्याला पाठ असे, कारण तोच सिनेमा त्यानं आदल्या रात्री दुसऱ्या गल्लीत लावलेला असायचा. गंमत म्हणजे सिडकोकडं एक कट आणि जुन्या शहरात दुसरा. समोर कोण बसलंय ते बघून ठरवायचा लेकाचा.

असो. पेनड्राईव्ह यांचं पुढचं वाचायला उत्सुक.

सेलूकर

मला मूळ मुद्द्यावरच शंका आहे. तुम्ही काय गाळणार? चुंबन गाळणार आणि डोक्यात कोयता घातलेला ठेवणार? आमच्याकडं तेच चालतं बघा. नायक-नायिका जवळ आले की घरभर खोकला सुटतो आणि पुढच्या मिनिटाला रक्ताच्या चिळकांड्या उडायलेत तर सगळे मांडी घालून शेंगा खायलेत. हिरो पोरीच्या मागं-मागं फिरतो, तिची वाट अडवतो, ते गाणं तर लेकरं गॅदरिंगमधे नाचतात. त्याला कुणी आक्षेपार्ह म्हणत नाही.

चाळणी कुणाच्या हातात आहे यावर सगळं आहे.

मांजराकाठ

सेलूकर दादा, पटतंय. म्हणून तर मला तयार चाळणी नको, माझी मला बसवता येईल अशी पाहिजे. वाट अडवणारं गाणं मी पहिलं गाळीन.

सुगरण_जालना

मी काही सॉफ्टवेअरवाली नाही, पण ओटीटीत आधीपासून असलेल्या सोयीसुद्धा बरेच जण वापरत नाहीत, म्हणून सांगते.

नेटफ्लिक्समधे लेकरांचं प्रोफाईल वेगळं करा आणि त्याला वयाची मर्यादा लावा. मोठ्यांच्या प्रोफाईलला पिन टाका, नाहीतर वेगळं प्रोफाईल करून उपयोग नाही, पोरं सरळ ‘पप्पा’वर क्लिक करतात. एखादा ठरावीक सिनेमा किंवा मालिका नावानिशी बंद करता येते, ती सोय प्रोफाईलच्या सेटिंगमधे आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादी चाळताना आपोआप सुरू होणाऱ्या झलका बंद करा. आमच्याकडं खरा घोळ सिनेमात नाही, त्या झलकांत व्हायचा. अजून काय बघायचं तेच ठरत नाही तोवर पडद्यावर भलतंच सुरू.

२०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना वयोगट लिहिणं बंधनकारक केलंय : यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ पासून वरच्याला पालकांचं कुलूप द्यावंच लागतं. नावाखाली ‘हिंसा, भाषा, लैंगिक दृश्ये’ असंही बारीक अक्षरात येतं. ते वाचायची सवय लावली तरी अर्धं काम होतं.

उस्मानाबादी_शेळी

आणि कोपऱ्यातली ‘धूम्रपान हानिकारक’ची पाटी गाळणारं सॉफ्टवेअर निघालं तर मला पहिलं कळवा.

पेनड्राईव्ह

आलो. आता आपल्याकडचं.

गाळायच्या मुख्य तऱ्हा तीन. शब्दावरून, चित्रावरून आणि वेळेच्या यादीवरून.

शब्दावरून म्हणजे सबटायटलची फाईल वाचायची, त्यात शिवी सापडली की तेवढ्यापुरता आवाज बंद. क्लीनव्हिड नावाची फुकट स्क्रिप्ट (म्हणजे छोटा प्रोग्रॅम) हेच करते. अमेरिकेत टीव्ही-गार्डियन नावाचा डबा बरीच वर्षं याच तत्त्वावर चालला. इंग्रजी सिनेमाला हे बरं जमतं. आपल्याकडं दोन अडचणी. एक, हिंदी-मराठी सिनेमाची सबटायटल बहुतेक इंग्रजी भाषांतर असतात, आणि भाषांतर करणारा सभ्य असतो. पडद्यावर आई-बहीण काढलेली आणि खाली लिहिलेलं ‘मूर्खा’. मग स्क्रिप्टला काय कळणार? दोन, सबटायटल अख्ख्या वाक्याची असतात. शब्दाची नेमकी वेळ त्यात नसते, त्यामुळं एका शिवीपायी सगळं वाक्य जातं, सोबत पार्श्वसंगीतही. फाईलला ५.१ आवाज (म्हणजे सहा वेगळ्या चॅनलांत विभागलेला) असेल तर फक्त मधला चॅनल बंद करता येतो. संवाद बहुधा त्यातच असतात, संगीत बाकीच्या चॅनलांतून चालू राहतं आणि कानाला खटकत नाही.

मंकीप्लग नावाची दुसरी स्क्रिप्ट आहे, ती सबटायटल न बघता आवाज ऐकून शब्द ओळखते. हिंदी ठीकठाक. पण पडद्यावरचा माणूस आपल्या बीड-परभणीकडचं बोलायला लागला की ती शिवीला नमस्कार समजते आणि नमस्काराला शिवी.

चित्रावरून म्हणजे एआय प्रत्येक फ्रेम बघून ठरवतं. ऐकायला भारी, पण घरच्या कामाला मी तरी सुचवणार नाही. उघडं अंग किती दिसतंय एवढ्यावर हिशोब करणाऱ्या पद्धती कुस्तीचा फड आणि न्हाऊ घातलेलं बाळ दोन्ही एकाच मापानं मोजतात. उलट पूर्ण कपड्यातली सूचक नजर किंवा दोन अर्थांचा संवाद त्यांच्या बापाला कळत नाही.

राहिली वेळेची यादी. माझ्या मते खरं काम हीच करते. कोडी नावाचा फुकट प्लेअर आहे, लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड बॉक्सवरही चालतो. सिनेमाची फाईल जिथं आहे तिथंच त्याच नावाची, शेवटी ‘.edl’ (ईडीएल) असलेली एक साधी मजकुराची फाईल ठेवायची, नोटपॅडमधे केली तरी चालते. एका ओळीत तीन आकडे : सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि काय करायचं. ० म्हणजे तो भाग उडवा, १ म्हणजे फक्त आवाज बंद. ४७ मिनिटं १२ सेकंदांपासून ४७ मिनिटं ५० सेकंदांपर्यंतचं उडवायचं असेल तर २८३२, जागा सोडून २८७०, जागा सोडून ०. फाईलमधे आकडे इंग्रजीच टाका. सिनेमा लावला की तो भाग येतच नाही. मूळ फाईलला धक्का लागत नाही, यादी काढून घेतली की सिनेमा पूर्ण दिसतो.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे : यादी करणार कोण? हॉलिवूडच्या याद्या करणारे आहेत. आपल्या सिनेमांच्या कुणी करून ठेवलेल्या मला तरी सापडल्या नाहीत. म्हणजे कुणीतरी आधी बसून सिनेमा बघायचा आणि वेळा टिपायच्या.

दुधना

कोडी प्राइम-नेटफ्लिक्सवर चालेल का हो? आमच्याकडं फाईल-बिईल कुणी ठेवत नाही आता.

पेनड्राईव्ह

अशी यादी लावून नाही. ती आपल्या स्वतःच्या फाईलीपुरती. ओटीटीचं चित्र कुलूपबंद येतं, ॲपच्या आत बाहेरच्याला शिरकाव नसतो. पण लॅपटॉपवर ब्राउझरमधे ओटीटी लावून एचडीएमआयनं टीव्हीला जोडलंत तर व्हिडिओस्किप नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आहे. ते कुलूप तोडत नाही, चालू व्हिडिओला फक्त पुढं सरकवतं किंवा गप करतं. यादी तिथंही आपलीच.

वकिली_बाणा (बीड)

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं. सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून घ्या.

अमेरिकेसारखा घरगुती चाळणीचा खास कायदा आपल्याकडं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधे खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला सूट आहे. कलम ५७ कलावंताला स्वतंत्र हक्क देतं : कृतीची मोडतोड होऊन त्याच्या प्रतिष्ठेला बाध येत असेल तर तो आक्षेप घेऊ शकतो. आता रिमोटनं पुढं पळवणं ही मोडतोड कुणी म्हणणार नाही. वेळेची यादी लावून बघणंही मला त्याच जातीचं वाटतं, कारण आकड्यांची यादी म्हणजे सिनेमाची प्रत नव्हे. पण कापलेली फाईल तयार करून गल्लीत वाटलीत, केबलवाल्याला दिलीत, की वर ज्या क्लीनफ्लिक्सचं उदाहरण आलंय तिच्या पंगतीला बसलात.

२०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ए लक्षात ठेवा. हक्कभंग करण्याच्या उद्देशानं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘उद्देशानं’ या शब्दावर वकिलांची पोटं भरतील, पण आपण कशाला त्यात पडा? स्वतःची फाईल, स्वतःचं घर, स्वतःची यादी, एवढ्यात रहा.

आणखी एक. १९८३ पर्यंत सेन्सॉरकडं सर्वांसाठीचा यू आणि प्रौढांसाठीचा ए, एवढीच विभागणी होती. यू/ए तेव्हा आलं. २०२३ च्या दुरुस्तीनं त्या यू/ए चेही ७+, १३+, १६+ असे तीन कप्पे केले. प्रौढांचा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे. म्हणजे ज्यांना यादीची खटपट नको त्यांनी सिनेमा चॅनलवर येईपर्यंत थांबावं. तिथं सरकारमान्य चाळणी आधीच लागलेली असते, जाहिराती फुकट.

निजामकालीन

जाहिराती फुकट नसतात साहेब, तीन तासांचा सिनेमा साडेचार तास चालतो.

गोधडी (अंबाजोगाई)

उशिरा येतेय. शाळेत मराठी शिकवते म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

शिवी म्हटली की आवाज बंद, हे यंत्राला सोपं वाटतं, पण कोण कुणाला देतोय ते यंत्र बघत नाही. दोन मित्र चेष्टेत देतात ती वेगळी. मालक शेतमजुराला जातीवरून बोलतो ती वेगळी. दुसरी गाळली तर त्या मजुरानं पुढं विळा का टाकला आणि गाव का सोडलं, हे लेकराला कळणारच नाही. गावकुसाबाहेरच्या आयुष्यावरचे चांगले मराठी सिनेमे आहेत, त्यांतल्या शिव्या गाळल्या तर अन्याय करणारा सभ्य होऊन बसतो. मी माझ्या मुलीला तो प्रसंग आवाज चालू ठेवून दाखवला आणि मग तिच्याशी बोलले.

उलट विनोदी सिनेमात बाईच्या शरीरावरून केलेल्या कोट्या आहेत. एकही शब्द यादीत बसणारा नाही, तरी सगळ्या गाळाव्यात अशा.

त्या अमेरिकी याद्यांत देवाचं नाव उगीच घेतलं तर तेही गाळायची सोय असते. आमच्या घरात ‘अरे देवा’ म्हटल्याशिवाय दूध उतू जात नाही. त्यांची यादी त्यांना, आपली आपल्याला.

सेलूकर

गोधडी ताई, लई बरोबर बोललात. माझं हेच म्हणणं होतं, मला असं मांडता आलं नाही.

क्लासवाला (लातूर)

हे सगळं करून भाचा मोबाईलवर काय बघायला ते कोण बघणार? इथं हॉस्टेलवर हजारो पोरं आहेत, प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. हॉलच्या टीव्हीला चाळणी लावून कुणाला फसवायलाव आपण?

मांजराकाठ

क्लासवाले सर, भाच्याला मी सुधरवायला निघालेलीच नाही. सतरा वर्षांचा आहे, त्याला काय माहीत नाही? प्रश्न सगळ्यांनी एकत्र बसण्याचा आहे. एकट्यानं बघताना ज्याचं काही वाटत नाही त्याचंच आजोबांशेजारी बसून वाटतं. भाच्यालाही आणि आजोबांनाही. मला तो अवघडलेपणा काढायचाय, म्हणजे तो त्याच्या खोलीत मोबाईल घेऊन न बसता रविवारी हॉलमधे येईल.

पेनड्राईव्ह, कोडी लॅपटॉपवर टाकलं. शनिवारी आधी सिनेमा बघून यादी मी आणि मामंजी करणार. ते रिटायर्ड तलाठी, नोंदी करायची हौस आहेच. पहिल्या सिनेमाची त्यांची यादी बघितली : दोन मारामाऱ्या आणि झाडून सगळी गाणी. गाण्यांवरून अजून वाटाघाटी चालू आहेत.

एक अडचण आली. भाच्यानं त्याच सिनेमाची दुसरी फाईल आणली तर वेळा जुळेनात. सुरुवातीला थोडाच फरक, शेवटाकडं चार-पाच मिनिटांचा.

पेनड्राईव्ह

हा फ्रेमच्या वेगाचा खेळ आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं बनतो. युरोपी पद्धतीच्या डीव्हीडीसाठी तोच २५ नं पळवतात, म्हणून दोन तासांचा सिनेमा साधारण पाच मिनिटं आधी संपतो. फरक हळूहळू वाढत जातो, तुमच्याकडं तेच झालंय. यादीतल्या प्रत्येक वेळेला (शेवटचा ० किंवा १ तसाच ठेवून) २४ नं गुणा, २५ नं भागा, जुळेल. एक्सेलमधे मिनिटाचं काम. उलटी फाईल असेल तर उलटं गणित.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर मात्र कारण वेगळं : पुढं कंपन्यांची नावं जास्त लागलेली असतात. तेव्हा नुसती बेरीज-वजाबाकी. आणि मधेच एकदम उडी असेल तर ती प्रतच वेगळी कापलेली आहे, तिथं यादी नव्यानं करा.

दुधना

शेवटचा प्रश्न. लॅपटॉप नको असेल, सिनेमा आणि यादी एकाच पेनड्राईव्हवर टाकून थेट टीव्हीला लावलं तर?

पेनड्राईव्ह

टीव्हीचा स्वतःचा प्लेअर ती यादी वाचत नाही, सिनेमा पूर्ण दिसेल, आणि तोही सगळ्यांसमोर. टीव्ही अँड्रॉइडवाला असेल तर त्यातच कोडी टाका आणि सिनेमा कोडीतून उघडा. आधी एकट्यानं लावून बघा.

गोधडी

मराठी सिनेमांच्या याद्या इथंच धाग्यात टाकायच्या का? मी दोन करून ठेवल्यात. माझ्यात शिव्या तशाच आहेत, कोट्या गाळल्यात. आधीच सांगते, म्हणजे नंतर भांडण नको.

वकिली_बाणा

आकडेच टाका. फाईलची लिंक कुणी दिली तर संपादकांनी उडवावी.

पेनड्राईव्ह

टाका ताई. फक्त वर तुमच्या फाईलची एकूण लांबी तास-मिनिट-सेकंदात लिहा आणि प्रत्येक ओळीपुढं काय गाळलंय ते एका शब्दात. ज्याला जे ठेवायचंय त्यानं ती ओळ काढून टाकावी. ते शब्द ईडीएल फाईलमधे मात्र घेऊ नका, तिथं नुसते आकडे.

मांजराकाठ

मामंजींचीही टाकते, गाण्यांचं ठरलं की.